स्प्रेडशीटमधील संख्या : हिशेबाची वही आणि प्रयोगवही

स्प्रेडशीट हे साधन मुळात हिशेबासाठी जन्माला आले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची 'व्हिजिकॅल्क' ही आज्ञावली १९७९ साली ॲपल-२ संगणकासाठी निघाली. तिच्यामागे कल्पना होती ती व्यापारी गणितांच्या मोठ्या कागदी तक्त्यांची. पुढे १९८३ साली 'लोटस १-२-३' आणि १९८५ साली 'एक्सेल' आले. आज स्प्रेडशीट दुकानात आहे, बँकेत आहे, शाळेच्या कार्यालयात आहे आणि प्रयोगशाळेतही आहे. विद्यार्थी लोलकाचे आवर्तनकाल, रोधातील विद्युतधारा, भिंगाची नाभीय अंतरे त्यात भरतात आणि छापील तक्ता प्रयोगवहीत चिकटवतात.

हिशेबाच्या वहीतली संख्या आणि प्रयोगवहीतली संख्या या दोन्ही दिसायला सारख्याच असतात. त्यांचा स्वभाव मात्र एक नाही. हा फरक स्प्रेडशीटला कितपत कळतो हे पाहण्यासाठी आम्ही त्यातील एक छोटीशी सोय तपासायला घेतली आहे. ती म्हणजे संख्या 'अभियांत्रिकी' पद्धतीने दाखवण्याची सोय. विषय किरकोळ वाटेल. पण संख्या कशी लिहिली आहे यावरून ती किती खात्रीची आहे हे विद्यार्थी ठरवत असतो, आणि ते शिकवणे हे विज्ञानशिक्षकाचे काम आहे.

(छपाईच्या सोयीसाठी या लेखात घातांक ^ या चिन्हापुढे लिहिला आहे. १०^३ म्हणजे दहाचा तिसरा घात.)

अभियांत्रिकी लेखन म्हणजे काय?

फार मोठ्या आणि फार लहान संख्या लिहिण्याची शास्त्रीय पद्धत पाठ्यपुस्तकातून सर्वांच्या परिचयाची आहे. दशांशचिन्हाच्या डावीकडे शून्याखेरीज एकच अंक ठेवायचा आणि पुढे दहाचा योग्य घात लिहायचा. ४७,००० ओहम म्हणजे ४.७ × १०^४ ओहम. ०.०००४७ फॅरड म्हणजे ४.७ × १०^−४ फॅरड.

अभियांत्रिकी लेखनात याला आणखी एक अट जोडलेली असते. घातांक नेहमी तीनच्या पटीतच असला पाहिजे. त्यामुळे पुढचा गुणक १ ते १००० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो (१००० मात्र नाही). आता ४७,००० ओहम होतात ४७ × १०^३ ओहम, आणि ०.०००४७ फॅरड होते ४७० × १०^−६ फॅरड.

ही अट कशासाठी? याचे उत्तर एककांच्या उपसर्गांत आहे. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धती स्वीकारली गेली तेव्हा पिकोपासून टेरापर्यंत बारा उपसर्ग होते. १९६४, १९७५, १९९१ आणि २०२२ साली त्यांत भर पडून आज ते चोवीस झाले आहेत. त्यांपैकी डेका, हेक्टो, डेसी आणि सेंटी हे चार सोडले, तर उरलेले वीसही उपसर्ग तीनच्या पटीतल्या घातांकांचे आहेत. म्हणून ४७ × १०^३ ओहम दिसताच '४७ किलोओहम' असे वाचता येते आणि ४७० × १०^−६ फॅरड दिसताच '४७० मायक्रोफॅरड' म्हणता येते. धारित्राच्या डबीवरही नेमके हेच छापलेले असते. ४.७ × १०^४ वरून 'किलो'पर्यंत पोचायला मनात एक गुणाकार करावा लागतो. अभियांत्रिकी लेखनात तो वाचतो. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाला ही सोय मोलाची वाटते यात नवल नाही.

गणकयंत्रांत ही पद्धत घातांकांसह प्रथम आली ती ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या एचपी-२५ या १९७५ सालच्या खिशातल्या यंत्रात. संगणकाच्या भाषांत फोरट्रानच्या १९९० च्या आवृत्तीत तिच्यासाठी स्वतंत्र संकेत ठेवला गेला. आज शाळकरी सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही 'ईएनजी' अशी कळ असते आणि ती घातांक तीन-तीनने पुढे-मागे सरकवते.

स्प्रेडशीटमधील सोय

एक्सेलच्या यादीत 'सायंटिफिक' हा प्रकार तयार मिळतो, पण 'इंजिनिअरिंग' या नावाचा प्रकार मिळत नाही. तो संकेताने मिळवावा लागतो. स्वरूपांच्या यादीतील 'कस्टम' या पर्यायात जाऊन ##०.०ई+० असे टंकलिखित करायचे. (येथे 'ई' म्हणजे इंग्रजी मोठे अक्षर आणि शून्येही इंग्रजी कळांची.) लिब्रेऑफिस कॅल्क या मुक्त आज्ञावलीत हाच संकेत चालतो, शिवाय शास्त्रीय लेखनाच्या पानावर अभियांत्रिकी लेखनासाठी खूण करायची चौकटही आहे. या बाबतीत तिला अधिक गुण द्यायला हवेत. जी सोय नावाने सापडत नाही, ती बहुतेकांच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते.

संकेताची युक्ती मात्र छान आहे. दशांशचिन्हाच्या डावीकडे जितक्या जागा लिहाव्यात, तितक्याच्या पटीत घातांक येतो. ##० या तीन जागा आहेत, म्हणून घातांक तीनच्या पटीत. एकच जागा लिहिली तर साधे शास्त्रीय लेखन मिळते, आणि दोन लिहिल्या तर घातांक सम संख्यांतच येतात. वर्गात हे करून दाखवले तर घातांकांचे नियम विद्यार्थ्यांना खेळता खेळता समजतील.

येथवर तक्रार नाही. आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप : सार्थ अंकांची मोडतोड

वरील संकेत दिलेल्या स्तंभात चार परिचित संख्या भरून पाहा. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३,७१,००० मीटर, चंद्राचे सरासरी अंतर ३८,४४,००,००० मीटर, २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि त्याच जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७. पडद्यावर दिसते ते असे :

पृथ्वीची त्रिज्या : ६.४ई+६
चंद्राचे अंतर : ३८४.४ई+६
महाराष्ट्राची लोकसंख्या : ११२.४ई+६
भारताची लोकसंख्या : १.२ई+९

चंद्राच्या अंतराला चार सार्थ अंक मिळाले, पृथ्वीच्या त्रिज्येला दोनच. वास्तविक पृथ्वीची त्रिज्या चंद्राच्या अंतरापेक्षा कमी अचूकतेने माहीत आहे असे मुळीच नाही. पण तक्त्यात ती २९ किलोमीटरने फुगली. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत २५,६६७ चा फरक पडला. भारताच्या लोकसंख्येतून मात्र १ कोटी ८ लाख ५४ हजार ९७७ माणसे दिसेनाशी झाली. स्तंभ एक, संकेत एक आणि तरीही एका ओळीत चूक हजारांची तर दुसऱ्या ओळीत कोटीची!

याचे कारण सरळ आहे. संकेत दशांशचिन्हापुढचे अंक मोजतो, सार्थ अंक मोजत नाही. गुणक १ च्या जवळ असेल तर एका दशांश स्थळापर्यंत केलेल्या पूर्णांकनाने सुमारे ५ टक्क्यांपर्यंत चूक येऊ शकते. गुणक ९९९ च्या जवळ असेल तर तीच चूक ०.००५ टक्क्यांइतकी होते. म्हणजे अचूकतेत हजारपटीचा फरक! साध्या शास्त्रीय लेखनात गुणक १ ते १० यांच्यातच राहतो, म्हणून तेथे हा फरक दहापटीहून अधिक होत नाही.

यावर कोणी म्हणेल की एक दशांश स्थळ कमी पडते तर दोन घ्या. घेऊन पाहा. भारताची लोकसंख्या १.२१ई+९ होईल, हे ठीक. पण तीन अंक दाखवणाऱ्या मीटरवर मोजलेले १५० व्होल्ट १५०.००ई+० असे दिसू लागतील. ज्या मीटरला शेवटच्या शून्याचीच जेमतेम खात्री, त्याच्या नावावर व्होल्टचा शंभरावा भाग जमा होईल. एकीकडे अंक गिळणे आणि दुसरीकडे नसलेले अंक मिरवणे, या दोहोंतून स्थिर दशांश स्थळांची पद्धत सुटू शकत नाही.

येथेच हिशेबाची वही आणि प्रयोगवही यांच्यातला फरक उघड होतो. हिशेबात सर्वांत लहान नाणे ठरलेले असते. रक्कम पाच रुपये असो वा पाच लाख, पैशांसाठी दोनच दशांश स्थळे लागतात आणि ती कायम राहिली तरच बेरीज जुळते. प्रयोगशाळेत, विशेषतः राशी अनेक पटींत बदलत असेल तेव्हा, कायम राहतात ते सार्थ अंक. साडेतीन अंकी मल्टिमीटर १९९९ पर्यंत आकडे दाखवतो. २ व्होल्टची श्रेणी निवडा वा २०० ची, आकड्यांची संख्या तीच राहते, दशांशचिन्ह तेवढे सरकते. अभियांत्रिकी लेखन ही प्रयोगवहीची गरज आहे, आणि स्प्रेडशीटने ती हिशेबाच्या वहीच्या नियमाने पुरवली आहे.

हे टाळता आले नसते काय? ह्युलेट-पॅकार्डच्या नंतरच्या गणकयंत्रांत अभियांत्रिकी लेखन निवडताना दशांश स्थळे सांगावी लागत नाहीत. पहिल्या अंकानंतर आणखी किती अंक हवेत ते सांगावे लागते. दोन सांगितले की १२,३४५ ही संख्या १२.३ आणि घातांक ३ अशी दिसते, १,२३,४५६ ही १२३ आणि घातांक ३ अशी. दोन्हीकडे तीनच सार्थ अंक. खिशातल्या छोट्या यंत्राला जे जमले, ते टेबलावरच्या बलाढ्य संगणकाला जमवता येऊ नये याला तांत्रिक कारण दिसत नाही. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. फोरट्रानचा संकेतही दशांश स्थळेच मोजतो, म्हणजे हा दोष एकट्या स्प्रेडशीटचा नाही.

स्प्रेडशीटचे समर्थक म्हणतील की हे सारे केवळ दिसण्यापुरते आहे. चौकटीच्या आत मूळ संख्या शाबूत असते आणि गणित तिच्यावरच चालते. ते खरे आहे, पण अर्धेच. छापील कागदावर जाते ती दिसणारी संख्या. शिवाय स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, म्हणजे 'सीएसव्ही' स्वरूपात फाइल साठवली, तर एक्सेल चौकटीत दिसते तेच लिहून ठेवते. ती फाइल पुन्हा उघडा. पृथ्वीची त्रिज्या आता खरोखरीच ६४,००,००० मीटर झालेली असेल आणि मूळ संख्या परत मिळवण्याचा मार्ग उरलेला नसेल.

अभियांत्रिकी लेखनाची स्वतःची उणीव

सगळा दोष आज्ञावलीच्या माथी मारणेही बरोबर नाही. समजा एका रोधाचे मापन दोन सार्थ अंकांपर्यंतच खात्रीचे आहे आणि ते ५,००,००० ओहम आले. शास्त्रीय पद्धतीत ५.० × १०^५ असे लिहिले की दोन अंकांची हमी स्पष्ट होते. अभियांत्रिकी पद्धतीत ५०० × १०^३ लिहावे लागते, आणि शेवटच्या दोन शून्यांपैकी कोणते मोजलेले व कोणते जागा भरण्यापुरते हे वाचणाऱ्याला कळत नाही. ०.५० × १०^६ असे लिहून वाट काढता येते, पण मग गुणक एकपेक्षा लहान होतो आणि नियमच मोडतो. म्हणून मापनाची अचूकता हाच जेथे शिकवण्याचा मुद्दा असेल तेथे शास्त्रीय लेखन, आणि राशीचा आवाका चटकन डोळ्यांत भरायला हवा असेल तेथे अभियांत्रिकी लेखन, अशी विभागणी आम्हाला योग्य वाटते.

दुसरा आक्षेप : 'ई' हे अक्षर

फोरट्रानच्या काळात, म्हणजे १९५७ च्या सुमारास, छिद्रपत्रांवर घातांक वर चढवून लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून 'एक्स्पोनंट' या शब्दाचे आद्याक्षर मध्ये घालण्याचा तोडगा निघाला. तो त्या काळी शहाणपणाचाच होता. आज पडद्यावर घातांक वर चढवून लिहिणे कोणत्याही लेखन-आज्ञावलीला येते. तरीही स्प्रेडशीटची चौकट त्याच अक्षराला चिकटून आहे.

वर्गात याचे परिणाम होतात. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ४.७ई+३ असे जसेच्या तसे उतरवतो. अकरावीत गेल्यावर २.७१८… ही किंमत असलेला स्थिरांक 'ई' त्याला भेटतो आणि दोन्हींची गल्लत होण्याची शक्यता निर्माण होते. कोणी ४.७ई+३ म्हणजे ४.७ चा तिसरा घात, म्हणजे १०३.८२३, असाही अर्थ लावू शकेल. 'ई' हा यंत्राशी बोलण्याचा संकेत आहे, माणसाने माणसासाठी लिहिण्याचा नाही. प्रयोगवहीत ४.७ × १०^३ असेच लिहिले पाहिजे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

तिसरा आक्षेप : उपसर्ग कोठे आहेत?

अभियांत्रिकी लेखनाचा सारा खटाटोप उपसर्गांसाठी, आणि उपसर्ग दाखवण्याची थेट सोय मात्र नाही. संकेतात शेवटी एक स्वल्पविराम दिला की संख्या हजाराने भागून दाखवली जाते, दोन दिले की दहा लाखांनी. त्याला अटी जोडून 'किलो' आणि 'मेगा' यांची अक्षरे उमटवता येतात. पण एका संकेतात दोनच अटी बसतात. तिसऱ्या भागात उरलेले सारे. शिवाय हा भागाकार एकाच दिशेचा आहे. हजाराने गुणून दाखवण्याची तरतूद नसल्याने मिलि, मायक्रो, नॅनो यांच्यासाठी मार्गच नाही. टक्केवारीचे चिन्ह शंभराने गुणून दाखवते, कारण व्यापाऱ्याला टक्के लागतात. मायक्रोॲम्पिअर त्याला लागत नाहीत!

चौथा आक्षेप : न मागता केलेला बदल

येथवरचे दोष मागितलेली सोय अपुरी असल्याचे आहेत. याहून गंभीर आहे ते न मागता संख्येचे रूप बदलणे. नव्या कोऱ्या चौकटीत एक्सेल अकरा अंकांपर्यंतची पूर्ण संख्या जशीच्या तशी दाखवते. बारावा अंक आला की ती शास्त्रीय लेखनात जाते. शाळेचा युडायस क्रमांक अकरा अंकी असल्यामुळे थोडक्यात बचावतो. आधार क्रमांक बारा अंकी, म्हणून त्याचे १.२३४५७ई+११ असे काहीतरी होते. विद्यार्थ्यांची माहिती भरणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नसेल. आधारच्या बाबतीत मूळ अंक आत शाबूत असतात. पण एक्सेल पंधराच सार्थ अंक राखून ठेवते. सोळा अंकी क्रमांक भरला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो कायमचा जातो.

मुळात हे क्रमांक म्हणजे संख्या नव्हेतच. दोन आधार क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. ती अंकांत लिहिलेली नावे आहेत. नाव आणि संख्या यांतला भेद यंत्राला कळत नाही, आणि त्याने अंदाज बांधू नये असे त्याला सांगायचे राहून जाते.

जीवशास्त्रात याची मोठी किंमत मोजावी लागली. 'सेप्टिन' कुळातील जनुकांची लघुनामे 'सेप्ट' आणि पुढे अंक अशी होती. स्प्रेडशीटने त्यांना सप्टेंबरच्या तारखा मानले. काही जनुकखंडांचे ओळखक्रमांक सात अंक, एक अक्षर आणि पुन्हा दोन अंक अशा घडणीचे होते. त्यातले अक्षर 'ई' असले की झाले! '२३१०००९ई१३' या नावाची २.३१ई+१९ अशी संख्या बनली. २००४ साली एका शोधनिबंधाने याकडे लक्ष वेधले. २०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकातील पाहणीत असे दिसले की एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. 'सेप्ट१' चे 'सेप्टिन१' झाले. अशी आपोआप रूपांतरे बंद ठेवण्याचे पर्याय एक्सेलमध्ये आले ते २०२३ साली, आणि त्यांत 'ई' भोवतीच्या अंकांचे रूपांतर रोखण्याचाही पर्याय आहे. उशिरा का होईना, दुरुस्ती झाली. पण साधनाच्या सवयीपायी विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागावी, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

लाख, कोटी आणि तीनची पट

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे. ११२.४ × १०^६ हे इंग्रजी वाचकाला लगेच 'मिलियन' म्हणून वाचता येते. आपल्याला ते '११ कोटी २४ लाख' असे मनात फिरवून घ्यावे लागते. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांनी पडतात. हजार, लाख, कोटी, अब्ज यांचे घातांक ३, ५, ७, ९ असे विषम आहेत. स्प्रेडशीटच्या संकेतात डावीकडे दोन जागा दिल्या तर घातांक २, ४, ६, ८ असे सम येतात. म्हणजे आपली पद्धत या युक्तीत बसतच नाही.

मात्र आपली जुनी संख्यानामे याहून उदार होती. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत, दहाच्या प्रत्येक घाताला स्वतंत्र नाव दिले आहे. त्या मालिकेत १०^३ ला सहस्र, १०^६ ला प्रयुत, १०^९ ला अब्ज आणि १०^१२ ला महापद्म अशी तीनच्या पटीतली नावेही आहेत. आजच्या मराठीत 'दशलक्ष' आणि 'अब्ज' ही रूढ आहेत. तेव्हा किलो, मेगा, गिगा शिकवताना हजार, दशलक्ष, अब्ज ही जोडी फळ्यावर शेजारी मांडावी, असे आम्ही सुचवतो. व्यवहारात लाख-कोटी राहतील आणि प्रयोगशाळेत दशलक्ष-अब्ज. दोन्हींत सहज ये-जा करता येणे हे गणिताचे चांगले शिक्षण आहे.

मग काय करावे?

पहिली सूचना सर्वांत साधी आहे. उपसर्ग चौकटीगणिक न ठरवता स्तंभासाठी एकदाच ठरवावा. शीर्षकात 'विद्युतधारा (मिलिॲम्पिअर)' असे लिहावे आणि खाली २.५, १२.०, ४७.५ अशा साध्या संख्या भराव्यात. एकाच प्रयोगातली मापने सहसा अब्जपटीने बदलत नाहीत. साध्या संख्यांचा आणखी एक फायदा असा की त्यांची लांबीच त्यांचा लहानमोठेपणा दाखवते. ८.२ई+३ आणि १.५ई+६ यांत मोठी कोणती हे पाहायला नजर आधी शेवटी न्यावी लागते.

दुसरी सूचना, राशींचा आवाका खरोखरच मोठा असेल तेव्हाची. एका चौकटीऐवजी दोन स्तंभ करावेत, एक गुणकाचा आणि एक घातांकाचा. घातांक असा काढावा : संख्येच्या निरपेक्ष किमतीचा दहा पायाचा लॉगरिदम घ्या, त्याला तीनने भागा, 'इंट' या क्रियेने पूर्णांक घ्या आणि तीनने गुणा. मूळ संख्येला दहाच्या त्या घाताने भागले की गुणक मिळतो. ०.०००४७ चा लॉगरिदम सुमारे −३.३२८, भागाकार −१.१०९, 'इंट'ने −२, म्हणून घातांक −६ आणि गुणक ४७०. येथे 'ट्रंक' ही क्रिया वापरू नये. ती शून्याकडे झुकते, −१ देते आणि गुणक ०.४७ होऊन नियम मोडतो. संख्या शून्य असेल तर लॉगरिदमच नसल्याने चौकटीत चूक दिसेल. ती का दिसली हा वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आता गुणकाच्या स्तंभाला [>=९९.९५]०;[>=९.९९५]०.०;०.०० हा संकेत द्यावा. (येथेही अंक इंग्रजी कळांचे.) शंभरापुढे दशांश नाही, दहापुढे एक, त्याखाली दोन. म्हणजे धन संख्यांना नेहमी तीन सार्थ अंक मिळतात. ज्या दोन अटी उपसर्गांना अपुऱ्या पडल्या, त्या येथे नेमक्या पुरतात. गुणक ९९९.५ च्या पुढे गेला तर मात्र तो १००० असा दिसेल, एवढी एक फट राहते.

तिसरी सूचना कार्यालयीन कामासाठी. आधार, खाते, भ्रमणध्वनी असे क्रमांक भरण्यापूर्वी त्या स्तंभाचे स्वरूप 'टेक्स्ट' करावे. भरून झाल्यावर केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवून थांबतो. वर दिलेल्या चार संख्यांत प्रकाशाचा वेग (सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर) आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी (०.००००००५८९३ मीटर) यांची भर घाला. विद्यार्थ्यांना त्या तीन पद्धतींनी मांडायला सांगा : शास्त्रीय, ##०.०ई+० या संकेताने, आणि दोन स्तंभांनी. प्रत्येक पद्धतीत प्रत्येक संख्येची टक्केवारीतील चूक काढायला लावा आणि मग विचारा, या तक्त्यातील कोणत्या संख्येवर तुम्ही किती विश्वास ठेवाल? उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला पडद्यावरचा आकडा सोडून मापनाकडे, म्हणजे ती संख्या आली कोठून याकडे, वळावे लागेल.